प्रकाशात प्रकाश मिळवून अंधार दाखविणारे डॉ. टॉमस यंग

बारामती तालुक्यातील कन्हेरी असो की इंदापूरकडचे एखादे गाव, विहिरीच्या संथ पाण्यात खडे टाकण्याचा खेळ सर्वत्र सारखाच. दोन खडे थोड्या अंतरावर एकाच वेळी पडले की दोन वर्तुळाकार लहरी पसरत जातात आणि एकमेकींना भेटतात. त्या भेटीत काही जागी पाणी दुपटीने उचलले जाते, तर काही जागी ते जवळजवळ निश्चल राहते. एका लहरीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच ठिकाणी आला की दोन्ही परस्परांना पुसून टाकतात. पाण्याच्या बाबतीत हे कोणालाही सहज पटते. परंतु प्रकाशात प्रकाश मिळविला असता अंधार होऊ शकतो, असे कोणी म्हटले तर?

सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका तरुण डॉक्टरने नेमके हेच सांगितले आणि कागदाच्या एका पट्टीने ते दाखवूनही दिले. त्याबद्दल त्याच्या वाट्याला सन्मान आला नाही, उपहास आला. आज जगभरातील विद्यार्थी ज्यांच्या नावाचा द्विचीर प्रयोग प्रयोगशाळेत करतात, त्या डॉ. टॉमस यंग यांची ही जीवनकथा आहे.

चौदाव्या वर्षी भाषापंडित

टॉमस यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील मिल्व्हर्टन या गावी झाला. दहा भावंडांत ते थोरले. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी आणि कठोर शिस्त हा त्या पंथाचा बाणा होता. संगीत, नृत्य आणि नाटक वर्ज्य मानले जाई. टॉमसचे बालपण बरेचसे आजोळी गेले. दुसऱ्या वर्षीच तो वाचू लागला आणि चौथ्या वर्षापर्यंत त्याने बायबल दोनदा वाचून काढले. चौदाव्या वर्षी लॅटिन आणि ग्रीक त्याला उत्तम येत होत्या. फ्रेंच, इटालियन, हिब्रू, अरबी, फारसी अशा अनेक भाषांशी त्याने परिचय करून घेतला होता.

१७८७ ते १७९२ या काळात हर्टफर्डशायरमधील बार्क्ले या धनाढ्य क्वेकर कुटुंबात तो राहिला. त्या घरातील नातू हडसन गर्नी याला शिकविण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. पुढे हाच गर्नी त्याचा आयुष्यभराचा मित्र झाला. शिकविता शिकविता टॉमसचे स्वतःचे अध्ययनही अखंड चालू होते. न्यूटन यांचे गतिशास्त्रावरील आणि प्रकाशावरील हे दोन्ही महाग्रंथ त्याने याच वयात कोणाच्याही मदतीविना अभ्यासले. ज्या थोर पुरुषाच्या मताविरुद्ध पुढे उभे राहायचे होते, त्याच्याच ग्रंथांवर यंग यांचे पोषण झाले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

डोळ्यापासून कानाकडे

यंग यांचे आजोळकडील एक आप्त डॉ. रिचर्ड ब्रॉकल्सबी हे लंडनमधील नामवंत वैद्यक व्यावसायिक होते. त्यांच्याच प्रोत्साहनाने यंग १७९२ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला आले. विद्यार्थिदशेतच बैलाच्या डोळ्याचे विच्छेदन करीत असताना त्यांना एक प्रश्न पडला. जवळची आणि दूरची वस्तू आपल्याला सारखीच स्पष्ट दिसते, ती कशी? डोळ्यातील भिंग आपला आकार बदलते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १७९३ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण होताच, १७९४ मध्ये, ते त्या संस्थेचे सदस्य म्हणून निवडले गेले.

पुढील शिक्षणासाठी ते एडिंबरोला आणि तेथून जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेले. याच काळात त्यांनी बासरी हाती घेतली, नृत्याचे धडे घेतले, नाटके पाहिली आणि क्वेकर पंथाची बंधने हळूहळू सैल केली. १७९६ मध्ये गटिंगेनची वैद्यकीय पदवी मिळाली. परंतु लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सन्माननीय सदस्यत्व हवे असेल, तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी आवश्यक होती. त्यामुळे आधीच डॉक्टर झालेला हा तरुण १७९७ मध्ये केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेथे सहाध्यायांनी त्यांना चमत्कार म्हणूनच नाव पाडले. त्याच वर्षी डॉ. ब्रॉकल्सबी निधन पावले आणि लंडनमधील घर व दहा हजार पौंड यंग यांच्या नावे ठेवून गेले. उपजीविकेची विवंचना त्यामुळे मिटली.

गटिंगेनमध्ये मानवी आवाजाचा अभ्यास करताना यंग ध्वनीकडे वळले होते. ध्वनी हवेतील लहरींनी पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य होते. तंबोरा जुळविताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या सुरात असतील, तर आवाज एका लयीत वाढतो आणि मावळतो. तारा तंतोतंत जुळल्या की ही थरथर नाहीशी होते. दोन लहरी कधी एकमेकींना साथ देतात, तर कधी एकमेकींना मारक ठरतात, म्हणून हे घडते. कान हे ऐकतो, मग डोळा याचे प्रतिरूप का पाहू शकणार नाही, या दिशेने यंग यांचे विचारचक्र सुरू झाले. १८०० साली त्यांनी ध्वनी आणि प्रकाश यांवरील निबंध रॉयल सोसायटीत सादर केला.

न्यूटन यांची छाया

प्रकाशाचे स्वरूप काय, याविषयी त्या वेळी दोन मते होती. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९० मध्ये प्रकाश हा लहरींच्या रूपाने पसरतो असे प्रतिपादन केले होते. न्यूटन यांचा कल मात्र प्रकाश म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा प्रवाह, या मताकडे होता. १७०४ मध्ये त्यांचा प्रकाशावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शंभर वर्षे इंग्लंडमध्ये दुसरा विचार फारसा कोणी केला नाही. न्यूटन यांना वाटलेल्या शंका त्यांच्या अनुयायांना वाटत नव्हत्या. गुरूपेक्षा शिष्य अधिक कट्टर झाले होते.

यंग यांनी न्यूटन यांच्याच साहित्यातून पुरावे गोळा केले. टोंकीनच्या आखातातील, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधील, बाट्शा या बंदरात दिवसातून एकदाच भरती येई आणि काही दिवशी ती मुळीच येत नसे. सागराची भरती दोन वेगवेगळ्या मार्गांनी तेथे पोहोचते आणि दोहोंत काही तासांचे अंतर पडल्याने एकीची भरती दुसरीच्या ओहोटीत बुडून जाते, हे स्पष्टीकरण स्वतः न्यूटन यांनी दिले होते. पाण्याला लागू पडणारा हा नियम त्यांनी प्रकाशाला मात्र लावला नाही. तो लावण्याचे काम यंग यांनी केले.

काचेच्या सपाट पृष्ठावर बहिर्वक्र भिंग ठेवले असता रंगीत कड्यांची मालिका दिसते. या कड्यांची अत्यंत काटेकोर मोजमापे न्यूटन यांनी घेतली होती. तीच मोजमापे वापरून यंग यांनी १८०१ मध्ये विविध रंगांच्या लहरींची लांबी काढली. तांबड्या टोकाला एका इंचात सुमारे ३७,६४० लहरी, तर जांभळ्या टोकाला सुमारे ५९,७५० लहरी मावतात, असे त्यांचे गणित होते. आधुनिक एककांत ही लांबी अनुक्रमे सुमारे ६७५ आणि ४२५ नॅनोमीटर भरते. आजच्या मापांशी तिचा मेळ उत्तम बसतो. दोन प्रकाशलहरींच्या या परस्परक्रियेला आज आपण व्यतिकरण म्हणतो.

१८०१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्ष ठरले. डोळा सर्व रंग केवळ तीन प्रकारच्या संवेदनांतून जाणतो, ही कल्पना त्यांनी याच वर्षी मांडली. आज दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांचे पडदे तीन रंगांच्या ठिपक्यांतून सारी चित्रसृष्टी उभी करतात, त्यामागचे तत्त्व हेच. स्वतःच्या डोळ्यापुढे पाणी भरलेली नळी लावून त्यांनी भिंगाच्या कार्याविषयीचे आपले म्हणणे तपासले. उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी सारख्या स्पष्ट न दिसण्याचा दृष्टिदोषही त्यांना स्वतःच्याच डोळ्यात आढळला आणि त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनी केले.

कवडसा आणि कागदाची पट्टी

नव्याने स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये यंग १८०१ मध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८०२ आणि १८०३ या दोन वर्षांत त्यांनी ९१ व्याख्याने दिली. पाण्याने भरलेल्या उथळ तबकात लहरी निर्माण करून त्या एकमेकींत कशा मिसळतात, हे ते श्रोत्यांना दाखवीत. मात्र त्यांचे सहकारी हंफ्री डेव्ही यांच्यासारखी सभा जिंकण्याची हातोटी त्यांच्यापाशी नव्हती. बोलणे आटोपशीर, आशय दाट आणि मधल्या पायऱ्या गाळण्याची सवय, यामुळे श्रोते मागे पडत. शिवाय प्राध्यापकी करणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण विश्वासाने येणार नाहीत, अशी चिंता हितचिंतकांना वाटत होती. १८०३ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला निर्णायक प्रयोग मांडला. त्यासाठी लागणारी सामग्री अगदी साधी होती. खिडकीच्या झडपेला एक भोक, त्यावर जाड कागद आणि त्या कागदाला सुईने पाडलेले छिद्र. बाहेर ठेवलेल्या आरशाने सूर्यकिरण त्या छिद्रातून आडवे आत येत आणि अंधाऱ्या खोलीत कवडसा पडे. त्या कवडशाच्या मार्गात यंग यांनी सुमारे एक तिसांश इंच, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी रुंदीची कागदाची पट्टी धरली. प्रकाश पट्टीच्या दोन्ही कडांवरून पुढे गेला आणि समोर पडलेल्या सावलीच्या आतच उजळ व काळसर पट्टे उमटले. सावलीचा मध्य, जेथे सर्वाधिक अंधार असावयास हवा, तेथे पट्टा उजळ होता.

यानंतरची कृती खरी महत्त्वाची. पट्टीच्या एका कडेने जाणारा प्रकाश त्यांनी दुसऱ्या कागदाने अडविला. दुसऱ्या कडेने येणारा प्रकाश तसाच चालू होता. तरीही सावलीतील सारे पट्टे तत्काळ नाहीसे झाले. याचा अर्थ, पट्टे निर्माण होण्यासाठी दोन्ही कडांचा प्रकाश आवश्यक होता. काळे पट्टे प्रकाशाच्या अभावामुळे पडत नव्हते. दोन प्रकाश एकत्र आल्यामुळे पडत होते.

आज पाठ्यपुस्तकात आढळणारी दोन चिरांची मांडणी यंग यांच्या १८०७ च्या ग्रंथात येते. एका उगमापासून निघालेला प्रकाश दोन बारीक छिद्रांतून किंवा चिरांतून गेला की प्रत्येक चीर नव्या लहरींचे केंद्र बनते. समोरच्या पडद्यावर ज्या बिंदूपर्यंतच्या दोन मार्गांत एका पूर्ण लहरीचा किंवा तिच्या पूर्ण पटींचा फरक असतो, तेथे उजेड. जेथे अर्ध्या लहरीचा फरक, तेथे अंधार. चिरांमधील अंतर अर्धा मिलिमीटर आणि पडदा एक मीटरवर असेल, तर तांबड्या प्रकाशाचे लागोपाठचे दोन उजळ पट्टे सुमारे १.३ मिलिमीटर अंतरावर पडतात. लहर इतकी सूक्ष्म असूनही तिची लांबी साध्या मोजपट्टीच्या आवाक्यात येते, हेच या प्रयोगाचे सामर्थ्य आहे.

प्रकाश एकाच उगमातून आलेला असला पाहिजे, ही अटही यंग यांनी ओळखली होती. दोन स्वतंत्र दिव्यांच्या लहरींत ताळमेळ नसतो. म्हणून घरात दोन दिवे लावले तरी भिंतीवर असे पट्टे दिसत नाहीत.

टीकेचा आघात

एडिंबरोहून निघणाऱ्या एका नव्या आणि अल्पावधीत वजनदार झालेल्या त्रैमासिकात १८०३ च्या आरंभी यंग यांच्या निबंधांवर जहरी टीका प्रसिद्ध झाली. लेखाखाली नाव नव्हते. परंतु लेखक हेन्री ब्रूम होते, हे उघड झाले. हे गृहस्थ पुढे इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. ब्रूम यांच्या एका गणिती निबंधावर यंग यांनी पूर्वी प्रतिकूल मत दिले होते, ही या वैराची पार्श्वभूमी. परंतु वैर एवढेच कारण नव्हते. न्यूटन यांच्या शब्दाला आव्हान देणे म्हणजे राष्ट्रीय प्रतिष्ठेला धक्का देणे, अशीच अनेकांची भावना होती. कागदाच्या पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध झाल्यानंतर, १८०४ मध्ये, ब्रूम यांनी पुन्हा लेखणी उचलली. यंग यांच्या म्हणण्यात शास्त्र नाही, केवळ कल्पनाविलास आहे, असा त्यांचा सूर होता.

यंग यांनी उत्तरादाखल एक पुस्तिका काढली. तीत त्यांनी आपल्या प्रयोगांचा मुद्देसूद पाठपुरावा केला होता. तिची एकच प्रत विकली गेली. त्रैमासिक हजारो हातांत गेले आणि उत्तर कोणापर्यंतच पोहोचले नाही. तो प्रयोग खोटा ठरविण्यासाठी लागत होती सुई, आरसा आणि कागद. पण तो करून पाहण्याची तसदी टीकाकारांनी घेतली नाही, हे या प्रकरणातील सर्वांत खेदजनक सत्य आहे.

दोष सर्वस्वी इतरांचाच होता, असेही नाही. यंग यांचे लेखन त्रोटक असे आणि आपल्या कल्पनेला गणिताची भक्कम चौकट त्यांनी दिली नव्हती. १८०४ मध्ये एलायझा मॅक्सवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी वैद्यकीय व्यवसायावर लक्ष केंद्रित करण्याचा निश्चय केला. डॉक्टरकीखेरीज अन्य विषयांवरील अनेक लेख ते निनावी प्रसिद्ध करीत, कारण रुग्णांना आपला डॉक्टर अन्यत्र गुंतलेला आवडत नाही. १८०७ मध्ये त्यांच्या व्याख्यानांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. ठरलेले मानधन एक हजार पौंड होते. परंतु प्रकाशकाचे दिवाळे निघाले. ऊर्जा या शब्दाचा आधुनिक शास्त्रीय अर्थाने वापर आणि अभियंत्यांना आजही रोज लागणारा यंग गुणांक यांचा उगम याच ग्रंथात आहे. १८११ मध्ये ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. प्रकाशाचा प्रश्न जणू मिटला होता.

समुद्रापलीकडचा सोबती

तो पुन्हा उघडला फ्रान्समध्ये. ऑग्युस्तँ फ्रेनेल हे रस्तेबांधणी खात्यातील अभियंता. यंग यांच्या कार्याची माहिती नसताना १८१५ मध्ये ते स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. फ्रेनेल यांचे पाठीराखे फ्रांस्वा आरागो आणि त्यांचे सहकारी गे-ल्यूसाक हे १८१६ मध्ये इंग्लंडला आले असता यंग यांना भेटले. फ्रेनेल यांच्या एका प्रयोगाची त्यांनी वाखाणणी केली, तेव्हा आपल्या १८०७ च्या ग्रंथात तो येऊन गेल्याचे यंग यांनी सांगितले. पाहुण्यांना ते पटेना. इतका वेळ शांत बसलेल्या एलायझा उठून आत गेल्या. त्या रागावल्या की काय, अशी पाहुण्यांना शंका आली. परंतु त्या परतल्या तो जाडजूड ग्रंथ घेऊनच, आणि त्यांनी नेमके पान उघडून त्यातील आकृतीवर बोट ठेवले. ही आठवण स्वतः आरागो यांनी पुढे नमूद करून ठेवली.

हक्काच्या वादाला तेथे सहज तोंड फुटले असते. तसे झाले नाही. दोघांतील पत्रव्यवहार सभ्यतेने चालला. प्रकाशाच्या काही गुणधर्मांचा उलगडा लहरी आडव्या कंप पावतात असे मानल्यास होईल, ही सूचना यंग यांनी जानेवारी १८१७ मध्ये आरागो यांना पत्राने कळविली. फ्रेनेल यांनी ती पूर्णत्वास नेली. फ्रेंच अकादमीच्या स्पर्धेत फ्रेनेल यांचा निबंध दाखल झाला, तेव्हा परीक्षक प्वासाँ यांनी आक्षेप घेतला की, हे खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मध्यभागी उजळ ठिपका दिसावयास हवा. आरागो यांनी प्रयोग केला आणि ठिपका दिसला! १८१९ मध्ये पारितोषिक फ्रेनेल यांना मिळाले. यंग यांनी जे कागदाच्या पट्टीने दाखविले होते, त्याला आता गणिताचे बळ लाभले. पुढे रॉयल सोसायटीने फ्रेनेल यांना रम्फर्ड पदक दिले, तेव्हा सोसायटीचा परदेशी पत्रव्यवहार पाहणारे चिटणीस यंग हेच होते.

अखेरची वर्षे

दरम्यान यंग यांची जिज्ञासा इजिप्तकडे वळली होती. १८१४ पासून त्यांनी रोझेटा शिलालेखाचा अभ्यास आरंभिला. लंबगोल चौकटीतील चिन्हे राजनामे आहेत, या धाग्यावरून टॉलेमी या नावातील काही चिन्हांचे उच्चार त्यांनी ओळखले. संपूर्ण उलगड्याचे श्रेय मात्र १८२२ मध्ये शांपोल्यों यांच्याकडे गेले. वाट दाखवावी आणि मुक्कामाला दुसऱ्याने पोहोचावे, हे त्यांच्या बाबतीत पुन्हा एकदा घडले.

१० मे १८२९ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारपणातही इजिप्तच्या प्राचीन लोकलिपीच्या शब्दकोशाचे काम ते करीत होते. लेखणी पेलवेना तेव्हा ते शिसपेन्सिलीने लिहीत. त्यांना अपत्य नव्हते. केंट परगण्यातील फार्नबरो येथे पत्नीच्या घराण्याच्या दफनस्थळी त्यांना विश्रांती मिळाली. न्यूटन जेथे चिरनिद्रा घेत आहेत, त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत यंग यांचेही स्मारक आहे.

खोडदपासून हिंगोलीपर्यंत

न्यूटन चुकले आणि यंग जिंकले, अशी सरळ वाटणी पुढे टिकली नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशाला कणरूपही असल्याचे सुचविले. १९०९ मध्ये केंब्रिजमध्ये जेफ्री टेलर यांनी अतिशय मंद प्रकाशात असा प्रयोग केला, तरी पट्टे उमटलेच. १९६१ मध्ये जर्मनीत क्लाउस यॉनसन यांनी दोन चिरांतून इलेक्ट्रॉन सोडले आणि द्रव्याचे कणही लहरींसारखे वागताना दिसले. यंग यांच्या दोन चिरा आज पुंजभौतिकीच्या प्रवेशद्वाराशी उभ्या आहेत.

हे तत्त्व पुणे जिल्ह्यातही रोज राबते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. दूरच्या दीर्घिकेतून आलेल्या रेडिओलहरी वेगवेगळ्या तबकड्यांवर किंचित मागेपुढे पोहोचतात. त्यांचे व्यतिकरण घडवूनच आकाशाचे चित्र तयार होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तेथे चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून परतलेले लेझर किरण एकमेकांत मिसळून गुरुत्वीय लहरींचा मागोवा घेतला जाईल.

लेझर पॉइंटरच्या किरणात एक केस ताणून धरला आणि किरण कोणाच्याही डोळ्यांत जाऊ न देता समोरच्या भिंतीवर पाडला, तर यंग यांनी पाहिलेल्या पट्ट्यांसारखेच पट्टे आजही कोणालाही दिसू शकतात. ब्रूम यांची धारदार टीका आता इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली आहे. सुईच्या छिद्रातून आलेल्या त्या कवडशाने दिलेली साक्ष मात्र ज्याला हवी त्याने, हवी तेव्हा तपासून पाहावी, अशी अबाधित आहे.